लिव्हरबुवा

शिवथरच्या खोऱ्यात निरूपणाच्या जागा दोन. पहिली सगळ्यांना ठाऊक आहे. समर्थांनी घळीत बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, असं संप्रदाय मानतो. साल धरतात १६५४. पुढे ती घळ विस्मरणात गेली. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती शोधून काढली, आणि आता पावसाळ्यात धबधबा बघायला येणारे पुणेकर आलोच आहोत तर म्हणून दर्शनही उरकून घेतात. दुसरी जागा शोधायला धुळ्याहून कोणी यायला नको. वरंध घाटाखाली, महाडहून भोरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराचा एक दवाखाना आहे. आषाढात त्या पत्र्यावर असा पाऊस कोसळतो की दारात उभी राहिलेली एसटी हॉर्न मारते तोही ऐकू येत नाही. पण आतला आवाज मात्र रस्त्यापर्यंत येतो.

"किती घेता? खरं सांगा. मी पोलीस नाही."

हे आमचे डॉक्टर. खोऱ्यात त्यांना लिव्हरबुवा म्हणतात. खरं नाव सांगत नाही, कारण एकाचं घेतलं तर बाकीचे रुसतील. महाड-पोलादपुरात या वळणाचे डॉक्टर माझ्या पाहण्यात तीन-चार आहेत. मी सोयीसाठी त्यांचा एकच करून ठेवला आहे.

डॉक्टर अंगाने किरकोळ, चष्मा कपाळावर, खिशातलं पेन कायम गळकं. स्टेथोस्कोप छातीला लावण्यापेक्षा भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवायला जास्त वापरलेला. तक्त्यावर तीन यकृतं रंगवलेली आहेत. पहिलं तांबूस आणि गुळगुळीत, दुसरं पिवळट आणि फुगलेलं, तिसरं आक्रसलेलं, गाठीगाठींचं. खोऱ्यातल्या लोकांनी त्यांच्या इयत्ता केल्या आहेत. "मी दुसरीत हाय," असं साठीचा माणूस बाकावर बसल्या बसल्या शेजाऱ्याला सांगतो, तेव्हा नवख्याला वाटतं प्रौढशिक्षणाचा वर्ग भरला आहे.

डॉक्टरांकडे कुठलाही आजार घेऊन जा, ते तुम्हाला दोन प्रश्नांत यकृतापाशी आणून सोडतात. पाय मुरगळला? कुठून येत होतात? किती वाजता? संपलं. लहान मुलाला सर्दी झाली म्हणून आईने आणलं तर मुलाच्या घशात बॅटरी मारता मारता विचारतील, "बाप काय करतो? नोकरी नाही विचारली. संध्याकाळी काय करतो?" मी एकदा कानात गेलेलं पाणी दाखवायला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा कान तसाच होता, पण यकृताचं वजन दीड किलोच्या आसपास असतं, ते शरीरातली शेकडो कामं करतं, आणि बरंचसं कामातून जाईपर्यंत कुरकुरत नाही, एवढं ज्ञान दुसऱ्या कानातून आत गेलं होतं.

या तिसऱ्या मुद्द्यावर त्यांचं मुख्य निरूपण उभं आहे. "लिव्हर म्हणजे जुन्या काळची सून," ते सुरू करतात. बाकावरच्या बायका पदर सावरून नीट बसतात. "पहाटेपासून राबते. घरात येईल त्याचं, चांगलं-वाईट, सगळं निस्तरते. तोंडातून शब्द नाही. घरच्यांना वाटतं, हिला काही होतच नाही. आणि मग एक दिवस..." इथे ते थांबतात. एखादी म्हातारी हमखास म्हणते, "हिरीत उडी मारती." "बरोबर. पोटात पाणी होतं, डोळे पिवळे होतात, रक्ताची उलटी होते. मग सगळे धावतात. अहो, पण वीस वर्षं कुठे होतात?" हे वाक्य ऐकताना पुरुष भिंतीकडे बघतात आणि बायका पुरुषांकडे. दारूबद्दलचं प्रवचन म्हणून ते कितपत लागू पडतं मला सांगता येणार नाही. सुनांच्या बाजूने मात्र खोऱ्यात इतकं कोणी बोललेलं नाही.

डॉक्टरांना एक जुनं दुःख आहे. महाड म्हटलं की वैद्यकातल्या माणसांना विंचू आठवतो. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी याच तालुक्यात बसून लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला, रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर चालते हे दाखवलं, ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आणलं, आणि जिथे दंश झालेल्यांतली किती तरी माणसं दगावायची तिथे मृत्यू शेकड्याला एकाच्या घरात आणून ठेवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचे डॉक्टर त्यांचं नाव हात जोडून घेतात आणि मग उसासा टाकतात. "विंचू परवडला हो. तो एकदा चावतो, माणूस बोंबलत येतो, आपण गोळी देतो. हा विंचू लोक पैसे देऊन विकत घेतात, रोज स्वतःला चावून घेतात, आणि विचारलं तर म्हणतात, चावलाच नाही."

चावला नाही असं म्हणण्याच्या रीती अनेक आहेत आणि डॉक्टरांनी त्यांचा कोश केला आहे. 'कधीतरी' म्हणजे रोज. 'पावणं आलं की' म्हणजेही रोजच, कारण पाहुणा न मिळाल्यास शेजारी चालतो. 'फक्त बिअर' म्हणजे नवऱ्यामुलाच्या वयाचा आहे. 'अंग दुखतं म्हणून' म्हणजे शेतात राबतो, आणि हे डॉक्टर जरा मऊपणाने ऐकतात. 'सोडली' म्हणजे काल रात्री. 'कधीच सोडली' म्हणजे आज सकाळी. आकडा सांगितलाच तर डॉक्टर मनात दुप्पट करून लिहितात. खात्री करायची असेल तर ते उत्तर ऐकतात पेशंटचं आणि बघतात त्याच्या बायकोकडे. बायको तोंडाने काही बोलत नाही; पदराआडून बोटं दाखवते. एकटाच आला असेल तर सिस्टरकडे बघतात. ही सिस्टर याच खोऱ्यातली, त्यामुळे कोणाच्या मागच्या दारी किती बाटल्या पडतात हे तिला केसपेपरशिवाय ठाऊक असतं.

मग डॉक्टर कागदावर हिशेब मांडतात. "एका क्वार्टरीत एकशे ऐंशी मिली. लेबलावर वाचा, ४२.८ टक्के. म्हणजे साठ ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. पुस्तकातल्या मापाने हे सहा प्याले झाले. तुम्ही म्हणता, एकच घेतली!" देशी असो की इंग्लिश, खोऱ्यात विकली जाणारी बहुतेक बाटली याच टक्क्याची, त्यामुळे 'आपण नुसती देशी' किंवा 'आपण फक्त चांगली' या दोन्ही पळवाटा ते एकाच वाक्यात बुजवतात. रोज इतकी पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतावर चरबी चढते, आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्या दहांमधल्या एक-दोघांचं यकृत दगड होतं, इथवर ते येतात आणि तिथेच त्यांचा घात होतो. कारण बाकावर बसलेल्या प्रत्येकाने तेवढ्यात वजाबाकी केलेली असते. दहातले आठ सुटतात! आणि त्या आठांत आपण नाही असं समजणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

डॉक्टरांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या बोलण्याचा परिणाम झाला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. परिणाम झाला, फक्त भलत्या बाजूला. खोऱ्यात दारू तेवढीच राहिली आणि ज्ञान वाढलं. महाडच्या एसटीत मागच्या सीटवर दोघे बोलत असतात. "तुझा एसजीपीटी किती?" "एकशे चाळीस." "ह्यॅ! माझा गेल्या शिमग्याला दोनशे दहा व्हता." "पण एसजीओटी त्याच्या दुप्पट असला तर दारूचा धरतात." "मग माझा दारूचाच." हे शेवटचं वाक्य ज्या अभिमानाने उच्चारलं जातं, तो अभिमान मी बोर्डाच्या निकालाला पाहिलेला नाही. गटारीच्या आदल्या दिवशी रक्त तपासून घ्यायचं, म्हणजे आकडा चांगला येतो आणि मन निर्धास्त होतं, ही क्लृप्तीही डॉक्टरांच्याच शिष्यांची. प्यायला बसल्यावर ग्लास तोंडाला लावण्याआधी एक जण तिन्ही इयत्ता म्हणून दाखवतो. चकणा म्हणून कलेजी मागवतात, आणि ती कोणत्या इयत्तेतली आहे यावर चर्चा होते.

दोन पेशंटांपुढे मात्र डॉक्टर हात टेकतात. एक, मुंबईहून निवृत्त होऊन आलेले काका. ते प्लास्टिकच्या पाकिटातून एक परवाना काढून टेबलावर ठेवतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. प्यायची तर परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, जन्माचा हजार रुपयांत. काकांकडे जन्माचा आहे. आणि तो कशासाठी, तर धारकाचं आरोग्य राखण्यासाठी. "सरकार म्हणतंय आरोग्यासाठी घ्या," काका शांतपणे म्हणतात, "तुम्ही म्हणता घेऊ नका. तुम्ही मोठे का सरकार?" डॉक्टरांनी यावर जागतिक आरोग्य संघटना काढली. २०२३ च्या जानेवारीत तिने सांगितलं आहे की दारूचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. काकांनी विचारलं, "त्यांचा शिक्का कुठाय?"

दुसरे सुभेदार. हा मुलूख पलटणीत जाणारा. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गावच आहे. त्यामुळे निवृत्त सैनिक जागोजाग, आणि त्यांच्यामागोमाग कॅन्टीनची रम. सुभेदारांचं म्हणणं असं की बाजारातली दारू लिव्हर खाते, कॅन्टीनची खात नाही, कारण ती मोजून मिळते आणि तिच्यावर फक्त सैन्यासाठी असं लिहिलेलं असतं. "तुमच्या लिव्हरने ते वाचलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. सुभेदार म्हणाले, "माझ्या लिव्हरने अठ्ठावीस वर्षं हुकूम पाळलाय."

बिडीचं प्रकरण वेगळंच. दारू कमी केली की हाताला काहीतरी लागतं, मग बिडीचं बंडल एका दिवसात संपतं, आणि माणूस मोठ्या फुशारकीने येऊन सांगतो की डॉक्टर, आता फक्त धूर. धूर फुप्फुसात जातो, लिव्हरशी त्याचं काय नातं, असा रोकडा सवाल. डॉक्टर सांगतात की धुरातलं विष फुप्फुसातून रक्तात उतरतं, रक्त फिरून यकृतात येतं, आधीच जखमी असलेल्या यकृतात जून व्रण लवकर वाढतात, आणि यकृताच्या कर्करोगाच्या कारणांत दारूच्या शेजारी तंबाखूही बसलेली आहे. पुरुषाचं हे चाललेलं असताना कोपऱ्यातली मावशी हळूच विचारते, "आन् मशेरी वो?" तिच्या हिरड्यांकडे बघून डॉक्टर जे सुरू होतात ते तोंडाच्या कर्करोगापर्यंत जातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे ते टपरीकडे बोट दाखवून सांगतात. टपरीवाला त्यांना नमस्कार करतो.

एकदा मात्र त्यांचं भाषण फारच लागू पडलं. एका गड्याने ते ऐकून घरी जाऊन बाटली फोडली आणि त्याच दिवशी एका झटक्यात सगळी बंद केली. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवरून मुंग्या चालताना दिसू लागल्या, हात थरथरू लागले, तो मेलेल्या चुलत्याशी गप्पा मारू लागला. घरच्यांनी ओळखलं की बाहेरचं आहे. भगताने कोंबडा सांगितला. कोंबडा शोधताना सिस्टरच्या कानावर गेलं म्हणून माणूस वाचला. तिने जीप करून महाडला पाठवला. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली की दोन-तीन दिवसांत असा झटका येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या नजरेखाली, औषधं देऊन सोडवायची असते. तेव्हापासून डॉक्टर प्रवचनाच्या शेवटी बजावतात, "सोडा, पण मला विचारून सोडा." याचा अर्थ काही जणांनी असा घेतला की डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही.

तशीच त्यांची चीड भिंतीवरच्या जाहिरातींवर. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.' एका वहिनींनी चहातून अशी पुडी चारल्याचं कळलं तेव्हा डॉक्टर अर्धा तास बोलले. दारूशी वैर धरणारी डायसल्फिराम नावाची गोळी आहे, १९४८ मध्ये डेन्मार्कात निघालेली. ती खाऊन वर दारू घेतली की चेहरा लाल, छातीत धडधड, ओकाऱ्या, रक्तदाब खाली. माहीत असलेल्या माणसाने स्वतःहून घेतली तर ती कुंपण ठरते. माहीत नसलेल्याच्या चहात टाकली तर तो सापळा. त्यात ती स्वतः यकृताला बाधणारी, म्हणजे तिसऱ्या इयत्तेच्या विद्यार्थ्याला वर्ज्य. वहिनी सगळं ऐकून म्हणाल्या, "मंग मी करू काय?" डॉक्टरांना याचं उत्तर येईना. माझ्या आठवणीत त्यांच्या खोलीत शांतता पडण्याचा तो पहिला प्रसंग.

खोऱ्यात डॉक्टरांना एकच प्रतिस्पर्धी आहे, आणि तो दारूवाला नव्हे. ते माळकरी महाराज. महाराजांनी गळ्यात तुळशीची माळ घातली की माणूस दारू आणि मटण एकदम टाकतो, असं आजवर किती तरी घरांत झालंय. आणि दासनवमीच्या गर्दीत महाराज ते अंमळ मोठ्याने सांगतात. डॉक्टरांना हे जिव्हारी लागतं. आपण रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची, तक्ता दाखवायचा, आणि गुण यायचा एकशे आठ मण्यांना! म्हणून त्यांनीही दासबोध वाचून काढला. तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचा समास आहे, त्यात समर्थांनी शरीराला होणाऱ्या रोगांची लांबलचक यादी दिली आहे. डॉक्टर ती पेशंटला ऐकवतात आणि म्हणतात, "बघा, याच खोऱ्यात बसून केलेली केसपेपरची नोंद." महाराजांच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दशकातला पढतमूर्खाचा समासही डॉक्टरांनी वाचावा, असा त्यांनी निरोप धाडला.

आणि एके दिवशी महाराजांच्या पोटात दुखलं. पित्ताशयात खडा असेल म्हणून महाडला सोनोग्राफी केली. खडा नव्हता. रिपोर्टात होतं, फॅटी लिव्हर, दुसरी श्रेणी, आणि पुढे 'नॉन-अल्कोहोलिक'. बातमी एसटीच्या आधी खोऱ्यात पोचली, आणि पोचता पोचता 'नॉन' घाटात पडला. संध्याकाळी गुत्त्यावर दिवाळी. आयुष्यभर ज्यांनी शिव्या खाल्ल्या ते एकमेकांना टाळ्या देत होते. "म्हाराज दुसरीत!" कोणी म्हणे, देवघरात लपवत असतील. कोणी म्हणे, कुठली मारतात ते विचारा, आपण तीच घेऊ. न पिणाऱ्याला होतोच तर पिऊन का होऊ नये, असा एक नवा सिद्धांत त्या रात्री मांडला गेला आणि एकमताने मंजूर झाला.

डॉक्टरांना खरं तर हसायची संधी होती. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा मी नोंदवून ठेवतो. महाराजांना त्यांनी खुर्ची दिली आणि सांगितलं की हा रोग प्रसादाचा आहे. दिवसाला बारा-चौदा कप गोड चहा, प्रत्येक घरी शिरा, उपवासाला साबुदाणा, बैठं काम, सुटलेलं पोट, आणि रक्तात वाढलेली साखर. चरबी यकृतात चढायला दारूच लागते असं नाही. महाराज हात जोडून म्हणाले, "पण गावाला सांगा हो, की हे ते नव्हे." डॉक्टरांनी गावाला सांगितलं. अडीच तास सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला.

बसलेला घसा सुटेना. आठवडाभराने महाडच्या कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी. कारण एकच, अतिरेक. उपाय: दोन आठवडे मौन. संपूर्ण. कुजबुजही नाही, कुजबुजीने तंतूंवर आणखी ताण येतो.

त्या दोन आठवड्यांचा इतिहास लिहिला जावा असं मला वाटतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या हाताला कंप होता. दुसऱ्या दिवशी सिस्टरने त्यांना औषधांच्या खोलीत स्वतःशी पुटपुटताना पकडलं. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं, "थोडंसंच." तिने पाटी पुसली. चौथ्या दिवशी मेव्हणे आले. पाहुणे आल्यावर दोन शब्द बोलावेच लागतात, असं डॉक्टरांनी लिहून दाखवलं. सहाव्या दिवशी म्हणे, रात्री झोप येत नाही, झोपण्यापूर्वी एखादं वाक्य घेतलं तर काय बिघडतं? सिस्टरने या सगळ्या सबबी याआधी ऐकलेल्या होत्या, त्याच खोलीत, त्याच खुर्चीतून. तिने त्यांच्या बायकोला विचारलं. बायकोने बोटं दाखवली.

याच काळात आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. त्या गेली दोन वर्षं यांना काही सांगू बघत होत्या आणि आजवर त्यांचं दुसरं वाक्य कधी पुरं झालं नव्हतं. यावेळी त्यांनी दार लावून घेतलं आणि गोव्याची हकिगत सबंध सांगितली. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगथ' या संस्थेच्या लोकांनी पिणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग केला. २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. फार तर चार बैठका. उपदेश नाही, दटावणी नाही. माणसाला विचारायचं, त्याचं ऐकायचं, आणि काय करायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. तीन महिन्यांनी पाहिलं, तर मागच्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले शंभरात ४२ निघाले. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात १८. डॉक्टरांनी पाटी उचलली, खूप काही लिहिलं, जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. बाईंनी पाटी उलटी ठेवली आणि चहा घेतला.

पण खरी गंमत बाकावर झाली. पेशंट आत जायचा. समोर डॉक्टर गप्प. पाटीवर एकच शब्द: "किती?" तो म्हणायचा, कधीतरी. डॉक्टर त्याच्याकडे बघत बसायचे, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. घड्याळ वाजत राहायचं. मग तो म्हणायचा, आठवड्यातनं चारदा. डॉक्टर बघतच. मग म्हणायचा, रोज. आणि मग जे बाहेर पडायचं ते आजवर कोणाला सांगायला फटच मिळाली नव्हती: मुलाचं कर्ज, कंपनीतून काढल्याचं, मुंबईच्या खोलीतल्या एकट्या रात्रींचं.

सुभेदारही आले. रमचा बचाव त्यांनी पाठ करून आणला होता. पण हल्ला झालाच नाही तर बचाव कोणाविरुद्ध करणार? बराच वेळ टोपी हातात फिरवून ते म्हणाले, "संध्याकाळचे सहा वाजले की काय करायचं ते सुचत नाही बघा. पलटणीत सहाला रोलकॉल असायचा." डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं, "मग?" सुभेदारांनी त्या एका शब्दाकडे इतका वेळ पाहिलं की सिस्टरने डोकावून बघितलं. "भरतीची पोरं पळायला कोणी शिकवायला नाय म्हणतात," ते उठता उठता म्हणाले, "बघतो." दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता नदीकाठच्या रस्त्यावर शिट्टी ऐकू येऊ लागली. रमचा कोटा ते अजून आणतात, असं सिस्टर सांगते. पण अर्ध्याहून जास्त परत मुंबईच्या जावयाकडे जातो. जावयाच्या यकृताची जबाबदारी या लेखावर नाही.

मौन संपलं तेव्हा घशाच्या डॉक्टरांनी बजावलं: बोला, पण मोजून. दिवसाला तासाभराच्या वर नाही. आमच्या डॉक्टरांनी कबूल केलं. पहिला आठवडा पाटी शेजारी ठेवली. मग पाटी खिडकीत गेली. मग एक पेशंट असा आला की ज्याने सून-लिव्हरचं निरूपण ऐकलंच नव्हतं, मुंबईतच वाढलेला, आणि ते ऐकल्याशिवाय त्याला जाऊ देणं डॉक्टरांच्या धर्मात बसेना. फक्त एकदाच. खास माणूस म्हणून.

परवा सुभेदार रिपोर्ट दाखवायला आले. आकडे उतरले होते. डॉक्टरांचा चेहरा उजळला. ते खाकरले, चष्मा कपाळावर सारला आणि तक्त्याकडे वळले. सुभेदारांनी हात वर केला.

"डॉक्टर, आधी घसा सांगा. रोज किती बोलता?"

"फार नाही हो. पेशंट आला तरच."

"किती?"

"असेल अर्धा तास. तोही कामापुरता."

सुभेदारांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर इंजेक्शनची सुई मोडत होती. तिने ती डब्यात टाकली, चार बोटं वर केली, थोडा विचार केला, आणि पाचवंही केलं. सुभेदारांनी टेबलावरचं पॅड ओढलं, डॉक्टरांचंच गळकं पेन घेतलं आणि फौजी अक्षरात लिहिलं: सोमवारी परत दाखवणे. बायकोला सोबत आणणे.